इकारुगा एका क्रेडिटवर: आधी रंग ठरवा, मग गोळी झाडा

इकारुगा हा विमान उडवत शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा व्हिडिओ गेम; त्यात विमानाचा रंग बटणाने काळा-पांढरा बदलता येतो. तो अर्धवट सोडून देणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: ‘हात तेवढे चालत नाहीत.’ पण त्यांचा खेळ शेजारी बसून पाहिला तर हात बहुतेक वेळा ठीकच चालत असतात. चुकतो तो रंग. विमान काळं असायला हवं तिथे ते पांढरं असतं, किंवा बदल अर्धा सेकंद लवकर झालेला असतो. हा लेख त्यासाठीच आहे. कंटिन्यू (सगळ्या लाइफ संपल्यावर तिथूनच पुढे खेळण्याची सोय) न वापरता, म्हणजे एकाच क्रेडिटवर, नॉर्मल अवघडपणावर, पाचही चॅप्टर पार करायचे असतील तर कोणत्या क्रमाने तयारी करायची आणि लोक हमखास कुठे फसतात, एवढंच यात आहे. मोठा स्कोअर करण्याचा विषय वेगळा. तो इथे लागेल तेवढाच येईल.

## १. यंत्रणा: स्क्रीन आणि बटणं

इकारुगा २००१ मध्ये उभ्या स्क्रीनच्या आर्केड मशीनसाठी आला. ड्रीमकास्टपासून स्टीम आणि स्विचपर्यंतच्या नंतरच्या आवृत्त्यांत खेळ तोच आहे. आडव्या टीव्हीवर तो मधल्या पट्टीत दिसतो आणि दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. मॉनिटर खरोखर उभा करता येत असेल तर सेटिंगमध्ये चित्र फिरवून घ्या. येत नसेल तर पट्टी जितकी मोठी करता येईल तितकी करा आणि बाजूची सजावट बंद ठेवा.

टीव्ही असेल तर ‘गेम मोड’ सुरू करा. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. चित्र सुधारण्यात टीव्हीने चार-पाच फ्रेम खाल्ल्या तर रंग बदलण्याचं तुमचं टायमिंग कायमचं चुकीचं बसेल, आणि स्क्रीन बदलली की सगळं पुन्हा शिकावं लागेल.

बटणं तीनच: गोळी, रंगबदल, आणि साठवलेली शक्ती सोडणं. तिन्हींना वेगळं बोट मिळायला हवं. एकाच अंगठ्याने गोळी आणि रंगबदल सांभाळणारे खेळाडू रंग बदलताना गोळीबार थांबवतात, किंवा गोळीबार थांबवायचा नाही म्हणून रंग उशिरा बदलतात. पॅडवर खेळत असाल तर यातलं एक बटण खांद्यावरच्या बटणावर टाका. स्टिक की डी-पॅड हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. हाताला सवय आहे ते घ्या आणि नंतर बदलू नका.

तपासणी: गोळीचं बटण दाबून ठेवा आणि त्याच वेळी रंग दहा वेळा बदला. गोळीबार बोट सुटल्यामुळे तुटत असेल तर बटणांची मांडणी आताच बदला.

## २. नियम: हे पाच उघड्या डोळ्यांनी पाठ करा

बरेच जण नियम खेळता खेळता अंदाजाने शिकतात आणि त्यातला एखादा चुकीचा शिकतात. म्हणून सलग लिहितो.

पहिला. तुमच्या रंगाची गोळी तुम्हाला मारत नाही. ती शिल्डमध्ये (विमानाभोवतीच्या कवचात) शोषली जाते आणि गेज, म्हणजे साठवलेल्या शक्तीचं मीटर, भरतं. विरुद्ध रंगाची गोळी मारते.

दुसरा. शिल्ड फक्त गोळ्या आणि लेझर शोषतं. शत्रूचं शरीर, भिंत किंवा सरकता ठोकळा यांना लागलात तर रंग कोणताही असो, लाइफ जाते. दुसऱ्या चॅप्टरमध्ये नवे खेळाडू याच कारणाने सर्वाधिक मरतात.

तिसरा. विरुद्ध रंगाच्या शत्रूला तुमची गोळी दुप्पट लागते.

चौथा, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. नॉर्मलवर तुमच्याच रंगाचा शत्रू मारला की तो मरताना त्या रंगाच्या गोळ्या तुमच्या दिशेने सोडतो. विरुद्ध रंगाचा मारला की काही सोडत नाही. ईझीवर कोणीच सोडत नाही, हार्डवर दोन्ही प्रकारचे सोडतात. त्यामुळे ईझीवर बसवलेली सवय नॉर्मलवर थेट घातक ठरते. सरावाला ईझी निवडू नका. त्यात वेगळाच खेळ शिकला जातो.

पाचवा. गेज १२ भागांचं आहे. सोडण्याचं बटण दाबलं की जितके भाग भरले असतील तितके होमिंग लेझर (शत्रूचा आपोआप वेध घेणारे) सुटतात आणि त्यांचा रंग त्या क्षणी विमानाचा जो असेल तो असतो. गेज पूर्ण भरण्याची वाट पाहण्याची सक्ती नाही.

चौथ्या नियमातून एक निवड तयार होते आणि खेळभर तीच चालते. साफसफाई हवी तर विरुद्ध रंगाने मारा. गेज हवं तर त्याच रंगाने मारा. प्रत्येक लाटेला (एकत्र येणाऱ्या शत्रूंच्या झुंडीला) यातलं एकच हवं असतं. दोन्ही एकदम करायला गेलात की गोंधळ सुरू होतो.

## ३. पाहणी: गोळी न झाडता

आता पहिला चॅप्टर सुरू करा आणि गोळीच्या बटणावरचं बोट काढून घ्या. एकही गोळी न झाडता शेवटपर्यंत टिकायचा प्रयत्न करा. हे हास्यास्पद वाटेल, पण खेळाने ही शैली अधिकृतपणे मान्य केली आहे. गोळी न झाडता पार केल्यास निकालात ‘डॉट ईटर’ असा शेरा मिळतो. बॉसलाही, म्हणजे चॅप्टरच्या शेवटच्या मोठ्या शत्रूलाही, वेळेची मर्यादा असते. ती संपली की तो निघून जातो आणि खेळ पुढे सरकतो.

हे यशस्वी व्हायलाच हवं असं नाही. गोळीबार बंद असला की नजर स्वतःच्या गोळ्यांवरून उठते आणि शत्रू कुठून येतात, कोणत्या रंगाने येतात हे दिसायला लागतं, त्यासाठी हे करायचं. इकारुगाच्या लाटा ठरलेल्या क्रमाने येतात. नशिबाचा भाग जवळपास नाही. बऱ्याच गोळ्या मात्र तुमच्यावर नेम धरून सुटतात, म्हणजे तुम्ही उभे कुठे आहात त्यावर गोळ्यांचा आकार ठरतो. शत्रू ठरलेला असतो, गोळ्या तुम्ही ओढून आणता.

एक-दोन पाहणी फेऱ्या पुरेत. पुढच्या चॅप्टरची पाहणी करायला कंटिन्यू वापरायला हरकत नाही. कंटिन्यूचा योग्य उपयोग तेवढाच.

सावधान: कंटिन्यू टाकत टाकत पाचव्या चॅप्टरपर्यंत जाऊन ‘मी खेळ पूर्ण केला, आता कंटिन्यू कमी करत नेतो’ ही वाट सगळ्यांत लांबची आहे. त्यात पहिला चॅप्टर शंभरदा खेळला जातो आणि चौथा दहादा.

## ४. रंगांचा नकाशा

इथे कागद लागतो. फोनवरची नोंद चालेल, पण खेळताना ती नजरेच्या टप्प्यात हवी.

चॅप्टर तुकड्यांत तोडा. तुकडा म्हणजे एक लाट, किंवा ज्या काळात तुमचा रंग एकच राहणार आहे तेवढा भाग. प्रत्येक तुकड्याला एकच ओळ आणि तिच्यात चार गोष्टी:

- कशावरून ओळखायचं (कोणता शत्रू, कोणत्या बाजूने)
- माझा रंग
- माझी जागा (डावी, मधली, उजवी, खाली की वर)
- हेतू: साफ की गेज

उदाहरणादाखल एक ओळ अशी होईल: ‘दोन्ही कडांनी पांढरे लहान – मी काळा – मध्ये खाली – साफ’. पुढची ओळ: ‘मोठा पांढरा वरून – मी पांढरा – त्याच्या समोर – गेज, मरेपर्यंत बदलायचं नाही’. वाक्यं लिहू नका. खेळताना कागदाकडे पाहायला अर्धा सेकंदही मिळत नाही. ओळ लिहिताना ती डोक्यात बसते, तिचं खरं काम तेवढंच.

ओळ लिहिताना हेतू नेमका ठरत नसेल तर ‘साफ’ लिहा. नव्या खेळाडूच्या नकाशात गेजच्या ओळी गरजेपेक्षा जास्त असतात, कारण गोळ्या शोषताना मजा येते. पण हव्यासाने शोषायला गेलेलं विमान स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात जाऊन बसतं आणि मग कोणाच्या तरी अंगावर आदळतं.

नकाशा लिहिताना साखळीचा विचार येतोच. एकाच रंगाचे तीन शत्रू लागोपाठ मारले की एक साखळी होते. पहिलीचे १०० गुण आणि पुढे दुप्पट होत २५,६०० पर्यंत. साखळीत तिघांचा एक रंग पाहिजे, पण पुढचे तिघे दुसऱ्या रंगाचे चालतात. ठरावीक गुणांवर जादा लाइफ मिळते, त्यामुळे साखळी अगदी सोडूनही देता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या चॅप्टरमध्ये, जिथे जागा आणि वेळ आहे, तिथे साखळीच्या ओळी नकाशात घाला. दुसऱ्यापासून पुढे त्या विसरा. साखळी तुटू नये म्हणून एखादा शत्रू न मारता सोडणं आणि त्याच्याच गोळीने जाणं, हा तिसऱ्या चॅप्टरमधला नित्याचा प्रकार आहे.

तपासणी: कागद उलटा ठेवून पहिल्या चॅप्टरचे रंग क्रमाने तोंडी म्हणा: काळा, पांढरा, पांढरा, काळा... जिथे अडाल तो तुकडा तुम्ही आतापर्यंत नशिबाने पार करत होता.

## ५. रंग बदलण्याची वेळ

लेखाचा गाभा हाच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

नेहमीचा मृत्यू असा होतो. तुम्ही पांढरे आहात आणि पांढऱ्या शत्रूंची रांग उडवलीत. समोर काळा शत्रू आला, त्याने काळ्या गोळ्या सोडल्या, तुम्ही तत्परतेने काळे झालात. आणि पांढऱ्या गोळीने मेलात. मघाशी मारलेल्या पांढऱ्या रांगेने मरताना सोडलेल्या गोळ्या अजून वाटेत होत्या. तुम्ही पांढरे होतात तोवर ते खाद्य होतं. रंग बदलताच तेच खाद्य तुमच्यावर उलटलं.

म्हणून बदलाचा क्रम नेहमी हा ठेवा:

1. त्याच रंगाचे शत्रू मारणं थांबवा.
2. वाटेतल्या त्या रंगाच्या गोळ्या शिल्डवर येऊ द्या.
3. नव्या रंगाच्या गोळ्यांपासून अंतर ठेवा. त्या अजून विरुद्ध आहेत.
4. दोन्हींच्या मधली रिकामी घडी आली की बदला.
5. मगच नव्या दिशेला सरका.

चौथी आणि पाचवी पायरी एकदम करण्याचा मोह सगळ्यांना होतो. सरकत सरकत बदलणारा माणूस नेमका बदलाच्या क्षणी एखाद्या गोळीच्या रेषेत शिरतो. आधी स्थिर राहा, बदला, मग हला.

रिकामी घडी येतच नसेल तर ती तयार करावी लागते. ‘साफ’ हेतूचा खरा फायदा इथे कळतो. आधीची रांग विरुद्ध रंगाने मारली असती तर वाटेत काहीच राहिलं नसतं. म्हणजे वारंवार मरण्याची जागा सुधारायची असेल तर बहुतेक वेळा त्या जागेच्या आधीची ओळ बदलावी लागते. मरण्याच्या जागेवरच तासभर डोकं आपटून काही हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट हाताला पटायला वेळ लागतो. शोषणारं शिल्ड विमानाभोवती पसरलेलं आहे, पण विरुद्ध रंगाची गोळी मारते ती मधल्या छोट्या भागाला लागली तरच. म्हणून काळ्या-पांढऱ्या गोळ्या मिसळून आल्या तर दूर पळायची गरज नसते. आपल्या रंगाच्या रेषेला कडेने टेकायचं आणि विरुद्ध रेषेपासून मधला भाग तेवढा वाचवायचा. जोरात झटका देऊन हललात तर हे साधत नाही. बोटाने हलके टिचके द्या.

लेझरबद्दल एवढंच: आपल्या रंगाचा लेझर अंगावर घेतला की गेज झपाट्याने भरतं, पण विमान मागे रेटलं जातं. मागे भिंत किंवा दुसरा शत्रू असेल तर आधी वर जागा करून घ्या.

सावधान: घाबरून दोनदा रंगबदल दाबणं म्हणजे काहीच न बदलणं. शंका आली की बटण नका दाबू, बाजूला व्हा.

## ६. गेज कुठे खर्च करायचं

गेज भरलं की लगेच सोडणारे आणि गेज भरलेलं ठेवूनच मरणारे, असे दोन पंथ आहेत. दोघांचाही तोटा होतो. नकाशावर ज्या ओळींना दोन वेळा फुली मारली आहे, म्हणजे जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा मरता, तिथे सोडण्याची खूण करा. गेज त्या जागांसाठी आहे. त्या लाटेचा पहिला शत्रू दिसताच सोडा, गोळ्या अंगावर आल्यावर नव्हे. होमिंग लेझर सोडल्याने तुम्ही अभेद्य होत नाही. ते फक्त शत्रू कमी करतात.

सोडण्याआधी लक्ष्याचा रंग पाहा. लेझर तुमच्या रंगाचे निघतात, त्यामुळे मोठ्या लक्ष्यावर विरुद्ध रंगात असताना सोडले तर दुप्पट इजा. पण सोडण्यासाठी रंग बदलायचा असेल तर पाचव्या भागातला क्रम तिथेही लागू आहे.

## ७. चॅप्टरचा क्रम: पहिला सगळ्यांत शेवटी

सराव मोडमध्ये चॅप्टर निवडून खेळता येतो. पहिल्यापासून सुरुवात करू नका. पहिला तसाही प्रत्येक पूर्ण फेरीत खेळला जाणार आहे. माझा क्रम ३, ४, २, ५, १ असा आहे.

तिसरा, फेथ. खेळाचा कणा. अरुंद वाटा, वेगात येणाऱ्या मिश्र रंगांच्या रांगा आणि बदलाला मिळणारा कमी वेळ. इथे नकाशाची प्रत्येक ओळ खरी असावी लागते. अंदाजावर चालत नाही. सर्वाधिक वेळ इथे द्या, आणि पार झाला तरी आठवड्यातून एकदा परत या.

चौथा, रिअॅलिटी. फिरत्या अजस्र यंत्राभोवतीचा चॅप्टर. धोका दिशेचा असतो. गोळ्या खालून, बाजूने, कुठूनही येतात आणि तळाशी लपून राहण्याची सवय इथे तुटते. नकाशातला ‘माझी जागा’ हा रकाना इथे रंगाइतकाच महत्त्वाचा.

दुसरा, ट्रायल. सरकते ठोकळे. गोळ्यांकडे कमी, ठोकळ्यांकडे जास्त पाहा. वाट अडवणारा ठोकळा आधी फोडायचा, शत्रू मग.

पाचवा, मेटेम्सायकोसिस. छोटा, पण शेवटच्या बॉसचे टप्पे लांब. अगदी अंतिम टप्प्यात गोळी झाडताच येत नाही. साधारण मिनिटभर दोन्ही रंगांच्या लाटांत नुसतं टिकायचं असतं. तिसऱ्या भागात गोळी न झाडता खेळायला लावलं ते इथे कामी येतं. या टप्प्यात फिरत राहू नका. एका जागेच्या आसपास राहून लाटेच्या रंगाप्रमाणे बदला, आणि दोन लाटांच्या मधली घडी शोधत राहा.

पहिला, आयडियल. शेवटी, साखळ्यांसाठी आणि जादा लाइफसाठी.

तपासणी: पुढच्या चॅप्टरला जाण्याआधी चालू चॅप्टर सलग दोनदा, एका लाइफपेक्षा जास्त न गमावता पार झाला पाहिजे. एकदा झाला म्हणजे जमला नाही.

## ८. बॉस

बॉससाठी दोन प्रश्न पुरतात: त्याचा गाभा आत्ता कोणत्या रंगाचा आहे, आणि तो कधी उघडतो. गाभा बंद असताना गोळीबार वाया. त्या वेळात त्याच रंगाच्या गोळ्या शोषून गेज भरा. गाभा उघडताच विरुद्ध रंगात येऊन सगळं सोडा. हा चक्राकार क्रम बसला की बॉस बराच आटोक्यात येतो.

घड्याळ विसरू नका. तीनपैकी शेवटची लाइफ असेल आणि बॉस थोडाच उरला असेल तरी त्याला मारण्याची सक्ती नाही. वेळ संपवून जाऊ द्या. बोनस जातो, पण फेरी जिवंत राहते. क्लिअरसाठी खेळताना हा सौदा परवडतो. स्कोअरवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

## ९. पूर्ण फेरी

पूर्ण फेऱ्या सुरू करा त्या तिसरा आणि चौथा स्थिर झाल्यावरच. एका बैठकीत दोन-तीन, त्यापेक्षा जास्त नाहीत. त्यानंतर डोळे रंगांत फरक करायला आळस करू लागतात आणि चुकीची सवय पक्की होते.

लाइफ गेली की पुन्हा येताना थोडा वेळ विमानाला काही होत नाही. बहुतेक जण तो वेळ सूड घेण्यात घालवतात. तुम्ही तो नकाशावर आपण कुठे आहोत हे ओळखण्यात घालवा: आत्ताची ओळ कोणती, रंग कोणता. रंग ठरला नसेल तर संरक्षण संपेपर्यंत गोळी झाडू नका. लागोपाठ दोन लाइफ जाण्याचं कारण दुसरी लाट अवघड असणं हे क्वचितच असतं. परतलेल्या विमानाचा रंग कोणता याकडे पाहिलेलंच नसतं.

पहिल्या चॅप्टरमध्ये लाइफ गेली म्हणून रीसेट करू नका. रीसेटची सवय लागली की पुढचे चॅप्टर दबावाखाली खेळण्याचा सराव होत नाही. एक लाइफ कमी असताना तिसरा खेळून पाहणं हाही सरावच आहे.

शक्य असेल तर फेरी रेकॉर्ड करा आणि फक्त मरण्याच्या आधीचे पाच सेकंद पाहा. प्रत्येक मृत्यूपुढे एकच अक्षर लिहा: र (चुकीचा रंग), घ (बदलाची घाई), ध (धडक), न (नकाशाच नव्हता). ‘घ’ जास्त असतील तर पाचवा भाग पुन्हा वाचा. ‘ध’ जास्त असतील तर विमान एक बोट खाली ठेवून खेळा. ‘न’ असेल तिथे पुढची फेरी सुरू करण्याआधी ओळ लिहा.